फ्लॅट बघायला जाताय, तर आधी मागचा ओढा बघून या

माझ्या धाकट्या भावाचा फेब्रुवारीत फोन आला, ताई एक प्रोजेक्ट बघतोय, भूगावच्या पुढे, चारशे फ्लॅट आहेत, ब्रोशरवर मोठ्या अक्षरात झिरो डिस्चार्ज लिहिलंय, रेन वॉटर हार्वेस्टिंग आहे, एसटीपी आहे, म्हणजे पाण्याचं टेन्शन नाही ना? (एसटीपी म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, आणि झिरो डिस्चार्ज म्हणजे सांडपाण्याचा थेंबही बाहेर सोडणार नाही असा दावा.) पाणी तपासायच्या लॅबमध्ये मी बारा वर्षं काम करतेय, त्यामुळे घरात, सोसायटीत, नात्यात कुणाला पाण्याचं काहीही विचारायचं असलं की फोन मलाच येतो. म्हटलं रविवारी जाऊ, समोर बघू आणि मग बोलू.

भाऊ आणि त्याची बायको सॅम्पल फ्लॅट बघत होते तेव्हा मी मागच्या बाजूला चालत गेले, पत्र्याचं कुंपण जिथे संपतं तिथपर्यंत. तिथे दोन बाभळींच्या मधून एक ओघळ खाली जात होती, चारेक हात रुंद, पूर्ण कोरडी, आणि तिच्यात डंपरने मुरूम टाकून अर्धी बुजवलेली. सोबत आलेला सेल्सचा मुलगा म्हणाला, मॅडम हा ओढा वगैरे नाही, पावसाळ्यात थोडं पाणी येतं तेवढंच. तो खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं. पण आपल्याकडचा ओढा असाच असतो, आठ महिने कोरडा आणि चार महिने वाहता, आणि त्या भागातले असे सगळे ओघळ शेवटी रामनदीला मिळतात, रामनदी बावधन, पाषाण, बाणेर करत मुळेला, मुळा मुठेला, मुळा-मुठा भीमेला आणि भीमा उजनी धरणात. उजनीचं पाणी सोलापूरकर पितात. म्हणजे त्या बाभळीखाली जे काय होणार आहे ते फक्त त्या चारशे फ्लॅटपुरतं नाहीये.

आता मुद्द्याचं बोलते. नवीन वसाहतीतलं पाणी स्वच्छ राहणार की नासणार हे लोक राहायला आल्यावर ठरत नाही, ते पहिला जेसीबी यायच्या आधी कागदावर ठरतं, ओढा कुठे, उतार कुठे, एसटीपी कुठे, पिण्याची टाकी कुठे, बोअर कुठे आणि पावसाचं पाणी कुठे सोडणार ह्या पाच-सहा गोष्टी नकाशावर कुठे पडल्या त्यावर. नंतर तुम्ही कितीही भारीतलं आरओ लावा, चुकलेल्या जागेवर असलेली टाकी काही उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही.

पहिल्यांदा पावसाचं बघू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं, इतकं सोपं गणित आहे. दहा एकर म्हणजे साधारण ४०,००० चौरस मीटर, त्यावर तासाभरात २० मिलिमीटरची सर पडली, जी आपल्याकडे जून-सप्टेंबरमध्ये काही नवीन नाही, तर ८ लाख लिटर पाणी. जमीन मोकळी असते, गवत असतं, झाडं असतात तेव्हा ह्यातलं बरंचसं मुरतं, उरलेलं हळूहळू ओढ्याकडे सरकतं. त्याच जागेवर बिल्डिंगी, पार्किंग, काँक्रीटचे रस्ते आले की ८० ते ९० टक्के पाणी वरच्या वर पळतं, आणि पळताना रिकामं पळत नाही, गाड्यांचं गळालेलं ऑइल, टायरची बारीक पूड, कुत्र्या-कबुतरांची घाण, कचऱ्याचा रस, बागेतलं खत, सगळं घेऊन जातं. सीझनचा पहिला पाऊस सगळ्यात घाण असतो, जूनमधलं गच्चीचं पहिलं पाणी लॅबमध्ये येतं तेव्हा बाटलीच्या तळाला काळा गाळ बसलेला नुसत्या डोळ्यांना दिसतो.

ह्याला उपाय महाग नाहीत पण ते प्लॅनिंगमध्येच करावे लागतात. ओढा आहे तसा उघडा ठेवायचा, दोन्ही काठांना गवत-झाडांचा पट्टा सोडायचा, रस्त्याचं पाणी सरळ पाइपातून ओढ्यात न सोडता आधी गवत लावलेल्या उथळ चरातून फिरवायचं म्हणजे गाळ आणि ऑइल तिथेच अडकतं, पार्किंगला सलग काँक्रीट न करता पाणी झिरपेल असे ब्लॉक बसवायचे. उलट बहुतेक ठिकाणी काय होतं, ओढा पाइपात घालून वरून गार्डन केलं जातं. मग पाण्याला ना ऊन मिळतं ना हवा, पाइपात गाळ साचतो, मोठ्या पावसात पाइप पुरत नाही आणि पाणी शेजारच्या सोसायटीत घुसतं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबील ओढ्याने काय केलं ते ज्यांनी बघितलंय त्यांना ह्यावर वेगळं सांगायला नको. आणि असा पूर आला की ड्रेनेजचे चेंबर उलटे वाहतात, म्हणजे पूर ओसरल्यावर जमिनीखालच्या टाक्यांमध्ये जे पाणी उरतं त्यात मैलापाणी मिसळलेलं असतं. पूर आणि पाण्याची क्वालिटी हे दोन वेगळे विषय नाहीयेत.

नदीकाठी प्लॉट असेल तर निळी आणि लाल पूररेषा विचारा. निळी म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येईल असा पूर जिथपर्यंत पोचतो ती, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदावाला. नदी आणि निळ्या रेषेच्या मध्ये बांधकामाला बंदी असते. पण छोट्या ओढ्यांना अशी रेषा आखलेली माझ्या तरी फारशी बघण्यात नाही, त्यामुळे तिथे आपणच बघायचं, गावचा जुना नकाशा काढायचा, गूगल अर्थवर मागच्या वर्षांचे फोटो बघता येतात ते बघायचे, आणि सगळ्यात बेस्ट म्हणजे शेजारच्या शेतातल्या आजोबांना विचारायचं की पाणी कुठून कुठपर्यंत येतं. मी त्या दिवशी विचारलं. त्यांनी काठीने बाभळीच्या बुंध्यावर गुडघाभर उंचीची खूण दाखवली.

आता जमिनीखाली जाऊ, कारण खरी गडबड तिथे होते आणि ती दिसत नाही. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग लाव्हाच्या थरांनी बनलेल्या काळ्या कातळावर बसलाय. वर माती, मग मुरूम, मग खडक, त्यात काही थर एकदम टणक आणि काही सच्छिद्र, विहिरी खोदणारे लोक त्याला मांजऱ्या म्हणतात. ह्या खडकात पाणी वाळूसारखं सगळीकडे भरलेलं नसतं, ते भेगांमध्ये, दोन थरांच्या सांध्यात आणि वरच्या कुजलेल्या खडकात असतं. वाळूच्या थरातून पाणी जाताना हळू जातं, गाळलं जातं, बरेचसे जंतू वाटेत मरतात. भेगेतून जाताना तसं काही होत नाही, भेग म्हणजे पाइपच, ह्या टोकाला जे पडलं ते त्या टोकाला जसंच्या तसं निघतं.

म्हणून शोषखड्डा आणि बोअर ह्यांच्यातलं अंतर इतकं महत्त्वाचं. सेप्टिक टँकचं पाणी जिथे जिरवतात ती जागा पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर लांब हवी असा भारतीय मानकाचा नियम आहे, आणि भेगाळ खडक असेल तर मी १८ वरही विश्वास ठेवणार नाही, शोषखड्डा उताराच्या खालच्या अंगालाच पाहिजे. पण गुंठेवारीत, दोन-दोन गुंठ्यांच्या प्लॉटिंगमध्ये प्रत्येकाचा आपला बोअर आणि आपला शोषखड्डा, माझा खड्डा तुझ्या बोअरपासून वीस फुटांवर, मग हे अंतर आणायचं कुठून? वीस प्लॉटधारकांनी मिळून एक कॉमन बोअर वरच्या बाजूला आणि एक कॉमन सांडपाण्याची व्यवस्था खालच्या बाजूला केली असती तर खर्चही कमी आला असता. लेआउट पास होतानाच हे व्हायला पाहिजे, घरं बांधून झाल्यावर कोण कुणाचं ऐकतं.

रिचार्जचा, म्हणजे पावसाचं पाणी परत जमिनीखाली भरायचा, विषय ह्याच्याच पोटात येतो. आमच्याच सोसायटीची गोष्ट सांगते. हार्वेस्टिंग केलंय म्हणून सगळे खूश होते. जुलैत बोअरच्या पाण्याला वास यायला लागला, शेजारच्या काकू म्हणाल्या तू लॅबवाली ना, बघ काय ते. मी सॅम्पल घेतलं, जंतुविरहित केलेल्या बाटलीत, नळाचं तोंड आधी लायटरने भाजून. कॉलिफॉर्मच्या टेस्टला आम्ही जांभळ्या रंगाच्या द्रावणात पाणी घालून ३७ डिग्रीला ठेवतो, त्या प्रत्येक टेस्ट ट्यूबमध्ये एक छोटी नळी उलटी बुडवलेली असते. दुसऱ्या दिवशी सकाळी रॅक बाहेर काढला तर सगळ्या ट्यूब पिवळ्याधमक, आणि प्रत्येक उलट्या नळीत गॅसचा फुगा अडकलेला. त्या टेस्टमध्ये पिवळा रंग आणि गॅस म्हणजे आतड्यातल्या जंतूंचा संशय, पुढची ई-कोलायची, म्हणजे मैल्यातून येणाऱ्या जंतूची, टेस्ट केली तीही पॉझिटिव्ह. पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटरमध्ये ई-कोलाय एकही चालत नाही. शोध घेतला तर कळलं की रिचार्ज बोअरला फक्त गच्चीचं पाणी जोडायला हवं होतं, पण प्लंबरने पार्किंगच्या कडेची पावसाळी गटारही त्याच चेंबरला जोडलेली, आणि फिल्टरची वाळू-खडी दोन वर्षांत कुणी बदललीच नव्हती. म्हणजे आम्ही पार्किंग धुतलेलं पाणी स्वतःच्या हाताने दोनशे फूट खाली भेगांमध्ये ओतत होतो. गच्चीचं पाणी वेगळं, ते सुरुवातीचे एक-दोन पाऊस सोडून द्यायचे, नंतरचं गाळून बोअरला द्यायचं. जमिनीवरून वाहणारं पाणी उथळ खड्ड्यात, मातीतून जिरवायचं, बोअरमध्ये थेट कधीच नाही. राज्यात ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटला हार्वेस्टिंग कंपल्सरी आहे, पण कंपल्सरी आहे म्हणून केलेलं आणि नीट केलेलं ह्यात हा एवढा फरक पडतो.

इथे एक गैरसमज काढून टाका प्लीज. भावाला सेल्स ऑफिसमध्ये टीडीएस मीटर बुडवून दाखवला होता, १८० आला, म्हणजे पाणी उत्तम. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मानकात ५०० पर्यंत बिनधास्त चालतं, पण तो मीटर जंतू मोजत नाही. मैला मिसळलेलं पाणीसुद्धा १८० दाखवू शकतं. बोअरचं पाणी असेल तर कॉलिफॉर्म, ई-कोलाय आणि नायट्रेट हे तीन रिपोर्ट मागा. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, सांडपाणी किंवा खत झिरपलं की ते वाढतं, लहान बाळांना ते धोक्याचं आणि पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटलं की थोडं वाढतंच.

आता एसटीपी, म्हणजे ते झिरो डिस्चार्ज. चारशे फ्लॅट, घरात चार माणसं, माणशी दिवसाला १३५ लिटर असं धरतात, म्हणजे २,१६,००० लिटर पाणी रोज आत येणार. त्यातलं ८० टक्के सांडपाणी होतं, म्हणजे जवळपास १,७३,००० लिटर, दहा हजार लिटरचे सतरा टँकर, रोज. ते शुद्ध करून फ्लशला वापरणार म्हणतात, बरोबर आहे, १३५ पैकी फ्लशला ४५ लिटर धरलेले असतात, म्हणजे ७२,००० लिटर तिथे गेले. उरले लाखभर लिटर. उन्हाळ्यात बागेला जातील थोडे. पण जुलैत बागेला पाणी कोण घालणार? ते लाखभर लिटर रोज कुठे जाणार? मी हा प्रश्न त्या ऑफिसमध्ये शांतपणे विचारला, त्यांनी इंजिनिअरला फोन लावला, इंजिनिअर म्हणाले महापालिकेची लाइन येईल तेव्हा तिला जोडू. आणि लाइन येईपर्यंत? उत्तर आलं नाही, पण बाभळीखालचा ओघळ मला दिसत होता.

एसटीपी म्हणजे काही जादूचं मशीन नाही, ते जंतूंना पाळायचं ठिकाण आहे. आधी जाळीत कपडे-प्लास्टिक अडवतात, मग पाणी एका टाकीत येतं जिथे ब्लोअरने खालून सतत हवा सोडलेली असते, त्या हवेवर चांगले जंतू जगतात आणि घाण खातात, मग गाळ खाली बसवतात, वरचं पाणी वाळू आणि कार्बनच्या फिल्टरमधून काढून क्लोरीन देतात. चालू असलेल्या चांगल्या एसटीपीत हवेच्या टाकीचा रंग चॉकलेटी असतो आणि वास ओल्या मातीसारखा येतो. रंग काळा आणि वास सडक्या अंड्याचा आला की समजायचं हवा बंद होती. लाइटबिल वाचवायला रात्री ब्लोअर बंद ठेवतात ना, तिथेच सगळं मरतं, आणि मेलेल्या टाकीला परत नीट व्हायला आठवडे लागतात.

दुसरी गोष्ट, जी मला फार महत्त्वाची वाटते आणि जिच्याबद्दल कुणी बोलत नाही. पझेशनच्या पहिल्या वर्षी चारशेपैकी चाळीस घरं भरतात. पावणेदोन लाख लिटरसाठी बांधलेल्या टाकीत रोज सतरा हजार लिटर येतं, जंतूंना खायलाच नाही, ते उपाशी मरतात, आणि पहिली दोन-तीन वर्षं त्या एसटीपीतून जे बाहेर पडतं ते जवळपास आत गेलं तसंच असतं. उपाय काय, डिझाइन करतानाच दोन किंवा तीन छोटे भाग करायचे, लोक येतील तसा एकेक भाग चालू करायचा. खर्च थोडा वाढतो. नंतर मात्र हे करता येत नाही, कारण टाक्या काँक्रीटच्या असतात.

आणि जागा. सांडपाणी उताराने यावं म्हणून एसटीपी सगळ्यात खाली ठेवतात, बरोबरच आहे, पण सगळ्यात खाली म्हणजे ओढ्याच्या काठाला, बेसमेंटमध्ये, आणि त्याच्या भिंतीला भिंत लावून पिण्याच्या पाण्याची अंडरग्राउंड टाकी, कारण दोन्ही पंप रूम जवळ पडतात. हे मी एकापेक्षा जास्त सोसायट्यांत बघितलंय. मधल्या भिंतीला एक बारीक तडा पुरतो. पिण्याची टाकी वरच्या बाजूला हवी, सांडपाण्याच्या चेंबरपासून लांब, तिचं झाकण जमिनीच्या पातळीपासून उचललेलं हवं म्हणजे साचलेलं पाणी आत उतरणार नाही.

पाइपांचंही तेच. आपल्याकडे नळाला चोवीस तास पाणी नसतं. पाणी चालू असताना पाइपात दाब असतो, गळती असली तरी पाणी बाहेर येतं. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो आणि आजूबाजूचं ओलं, मग ते ड्रेनेजचं का असेना, त्याच गळतीतून आत ओढलं जातं, म्हणून पाणी आल्याआल्या पहिली पाच मिनिटं गढूळ येतं. त्यामुळे एकाच चरात दोन्ही लाइन टाकायच्या नाहीत, पिण्याची वर आणि ड्रेनेजची खाली, आणि एसटीपीचं पाणी फ्लशला नेणारा पाइप वेगळ्या रंगाचा, म्हणजे पाच वर्षांनी येणारा प्लंबर चुकून बेसिनला जोडणार नाही.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल ही उगाच घाबरवतेय. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोडकडच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी ह्या भागांत जीबीएसचे, म्हणजे गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे, रुग्ण अचानक वाढले, ह्या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर हल्ला करते. पुणे परिसरात संशयित रुग्ण २०० च्या वर गेले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला, जो दूषित पाण्यातून किंवा कच्च्या राहिलेल्या चिकनमधून पोटात जातो. त्या दिवसांत आमच्या लॅबमध्ये लोक कळशीतून, डब्यातून, कोल्ड्रिंकच्या बाटलीतून पाणी घेऊन यायचे आणि मला प्रत्येकाला सांगावं लागायचं की ह्या बाटलीत घेतलेलं सॅम्पल धरता येत नाही, एक बाई तर रडायलाच लागल्या, त्यांचा मुलगा आयसीयूत होता. पुण्याच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली. घरं आधी उभी राहिली, ड्रेनेज आणि शुद्धीकरण मागून येतंय, आणि मधल्या वर्षांत माणसं तेच पाणी पितायत.

बांधकाम चालू असतानाचंही बघायला हवं, थोडक्यात सांगते. वरची सुपीक माती काढून ढीग करतात तो झाकला नाही तर पहिल्याच पावसात ओढ्यात जातो. सिमेंटचे मिक्सर धुतलेलं पाणी भयंकर अल्कलाइन असतं, पीएच १२ च्या आसपास, मासे-बेडूक कुणी टिकत नाही त्यात. आणि कामगारांच्या वस्तीला धड संडास आहेत का ते बघा, दोनशे माणसं दोन-तीन वर्षं तिथे राहतात, त्यांची सोय केली नाही तर ती घाण त्याच जमिनीत जाते जिच्यात पुढे तुमचा बोअर असणार आहे. त्यांच्या पोरांनाही तेच पाणी प्यावं लागतं, ते तर आधी.

कागद कोणते मागायचे? २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकाम असेल तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते, तिच्यात वॉटर बॅलन्स नावाचा, म्हणजे किती पाणी आत येणार आणि कुठे जाणार ह्याचा, तक्ता असतो, उन्हाळ्याचा आणि पावसाळ्याचा वेगळा, तो बघा आणि पावसाळ्यातलं जास्तीचं पाणी कुठे सोडणार ते वाचा. प्रदूषण नियंत्रण मंडळाची दोन परवानग्यांची पत्रं असतात, बांधायच्या आधीची कन्सेंट टू एस्टॅब्लिश आणि वापरायच्या आधीची कन्सेंट टू ऑपरेट. आणि चढ-उताराच्या रेषा असलेला साइटचा नकाशा, त्यावर एसटीपी, टाकी, बोअर आणि ओढा ह्या चार जागांवर पेनाने गोल करायचे, ओढा गोल करायला सापडलाच नाही तर पहिला प्रश्न तोच विचारायचा.

भावाने तो नकाशा मागितला. दोन आठवड्यांनी मिळाला. ओढा त्यावर होता, बारीक निळ्या तुटक रेषेने, आणि त्या रेषेवरच क्लब हाउस काढलेलं होतं. त्याने टोकन अजून दिलेलं नाही, बायको थोडी नाराज आहे कारण किचन तिला खरंच आवडलंय. जुलैत दोन-तीन मोठे पाऊस झाले की आम्ही परत जाणार आहोत, मी लॅबमधून चार बाटल्या घेऊन, एक ओढ्याच्या वरच्या अंगाला भरायची, एक खालच्या, एक आजोबांच्या विहिरीतून आणि एक त्यांच्या बोअरची. रिपोर्ट आला की आजोबांनाही एक कॉपी द्यायचं कबूल केलंय.